नाव विसरले, चाल राहिली

जालना रस्त्यावरून मुकुंदवाडीत आत वळले की गल्ल्या अरुंद होत जातात आणि आवाज वाढत जातात. एका घरातून हरिपाठ ऐकू येतो, दुसऱ्या घरातून भीमगीत, तिसऱ्यातून कालपरवा आलेल्या सिनेमाचे गाणे. एकेकाळी शहराबाहेरचे असलेले हे गाव शहराने कधीच पोटात घेतले. शेजारी चिकलठाण्याची एमआयडीसी. तिथल्या कामासाठी जालना, बीड, परभणीकडून तरुणपणी आलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यांच्यापैकी काहींना हल्ली विसरायला होते.

सुरुवातीला चष्मा, किल्ली, मग गॅस बंद करायचा राहतो. पुढे नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली जाते आणि एक दिवस रोजच्या दुकानातून परत येताना गल्ली चुकते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, आज वार कोणता? उत्तर येत नाही. तपासून घरी आणले जाते. संध्याकाळी शेजारच्या भजनात ढोलकीवर थाप पडते आणि हेच गृहस्थ धृपद बरोबर जागेवर उचलतात, कडवे न चुकता म्हणतात, टाळी समेवर देतात. घरच्यांचा गोंधळ उडतो. काहींना वाटते, बाबा बरे झाले. काहींना वाटते, बाबा मुद्दाम करतात. दुसरा समज जास्त वाईट, कारण त्यातून रागावणे सुरू होते.

दोन्ही समज चुकीचे आहेत. मेंदूत आठवणींचे एकच कपाट नसते. सकाळी काय खाल्ले, काल कोण आले होते, अशा घटनांच्या आठवणी नव्याने जमा करण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असते. अल्झायमर या आजारात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, पहिला घाव बहुधा इथेच बसतो. सायकल चालवणे, भाकरी थापणे, टाळ धरणे यांची आठवण वेगळ्या भागांत असते आणि ती बराच काळ टिकते. गाणे या दोन्हींत पसरलेले असते. त्यात शब्द असतात, चाल असते, ताल असतो, ओठ, गळा आणि हात यांची सवय असते, आणि त्या वेळची भावनाही असते. एक दोरा तुटला तरी बाकीचे दोरे गाण्याला धरून ठेवतात. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ओळखीच्या गाण्यांची आठवण ज्या भागांत सांभाळली जाते, त्यांची अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने कमी झीज होते. म्हणजे बाबा नाटक करत नाहीत. त्यांचे एक दालन अजून उघडे आहे, इतकेच.

हा प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही. देशातील साठीपुढच्या लोकांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे ७.४ टक्के ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे. अर्थात प्रत्येक विसरणे हा स्मृतिभ्रंश नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसरभोळा वाटतो, आणि यांवर उपचार होतात. म्हणून आधी तपासणी, मग गाणी.

आता प्रश्न असा, की कोणते गाणे टिकते? आयुष्यात हजारो गाणी कानावरून जातात. मानसशास्त्रज्ञांना जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी होते. पहिली नोकरी, पहिले घर सोडणे, लग्न, पहिले मूल, सगळे याच काळात होते, आणि ‘आपण कोण’ हेही याच काळात ठरते. त्या वर्षांतली गाणी त्या ‘आपण’ला चिकटून बसतात.

मराठवाड्यात या काळाला तारखा आहेत. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधली सोळा वर्षे मोर्चे, हिंसाचार, तुरुंग आणि गाणी यांची होती. १९७८ मध्ये जो मुलगा अठरा वर्षांचा होता तो आज पासष्टी ओलांडून गेला आहे. त्याचे अख्खे तरुणपण त्या सोळा वर्षांत गेले. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीजवळ लोक लोटतात, गायनाचे मंच उभे राहतात. त्या गर्दीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसांचे ओठ पाहावेत. गायकाच्या आधी ते ओळ पूर्ण करतात.

ही गाणी ज्या परंपरेतून आली तिला आठवणींचे मोल पहिल्यापासून ठाऊक होते. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार पोहोचवायचा तर तो गाण्यातूनच पोहोचणार, हे त्यामागचे साधे गणित. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढची कित्येक दशके गावोगाव फिरून गात राहिले. त्यांची गाणी पुस्तकात छापली गेली ती नंतर. त्याआधी ती लोकांच्या तोंडी होती. स्मरणशक्तीवर एवढा विश्वास टाकणारी व्यवस्था वैद्यकशास्त्रालाही अजून जमलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे वेळापत्रक घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरलेले असते!

पण गाणे नुसते कानावर पडणे आणि समोर बसून ऐकणे यांत फरक आहे. गायन पार्टीचा कार्यक्रम कसा असतो? रात्री उशिरा पेटी-ढोलकी जुळते. पुढे सतरंजीवर बायका-मुले, मागे उभी माणसे. गायक एक ओळ धरतो, पुन्हा म्हणतो, कोरस ती उचलतो. कुणी उठून नोट देते, माइकवरून त्याचे नाव पुकारले जाते, आणि त्याच्या फर्माइशीने कडवे परत होते. सप्ताहातल्या कीर्तनातही तेच. टाळकरी, मृदंग, मधेच थांबवून लोकांकडून वदवून घेतलेला गजर. ऐकणारा इथे नुसता ऐकत नाही, तो कार्यक्रमात असतो.

झुरिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये याची तपासणी केली. सत्तावीस श्रोत्यांना एमआरआय यंत्रात ठेवून त्यांना पियानोवादन ऐकवले, एकदा आधी ध्वनिमुद्रित केलेले आणि एकदा त्याच वेळी वाजवलेले. प्रत्यक्ष वादनाच्या वेळी वादकाला श्रोत्याच्या मेंदूतली हालचाल दिसत होती आणि तो त्यानुसार वाजवणे बदलत होता. अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग प्रत्यक्ष वादनाला जास्त जोराने आणि सातत्याने प्रतिसाद देत होता. झुरिकच्या वादकाला यंत्र लागले. आपल्याकडचा गायक हेच काम पुढच्या रांगेतले चेहरे बघून करतो. अमिग्डाला जागा असताना जे अनुभवले जाते ते मेंदू पक्के साठवतो. लग्नातली भांडणेसुद्धा म्हणूनच जेवणाच्या पंगतीपेक्षा जास्त आठवतात.

यात वाट पाहण्याचाही भाग आहे. आवडते गाणे ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन सुटते, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. गंमत अशी की त्याचा काही भाग ती जागा येण्याच्या आधीच सुटतो, आता ती येणार, या अपेक्षेने. मुरलेला गायक ओळ लांबवतो, थांबतो, लोकांना ताटकळत ठेवतो.

जात्यावरच्या ओव्यांत या सगळ्याचा पुरावा घरातच मिळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. म्हाताऱ्या बाईला नुसते ‘ओवी म्हण’ म्हटले तर दोन-तीन आठवतात. जात्याचा खुंटा हातात दिला की एकीमागून एक निघतात. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले, जमिनीवर पाठ केलेले जमिनीवर. आठवण जिथे तयार होते तिथली जागा, वास, अंगाची ठेवण तिच्यासोबत बांधली जाते. म्हणून आजीला ओवी आठवावी असे वाटत असेल तर मोबाइल पुढे करण्याआधी जाते नाही तर निदान सूप हातात द्यावे.

मग ध्वनिमुद्रणाला काहीच किंमत नाही का? तसे म्हणणे कॅसेटवर अन्याय होईल. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतेही. एकाच गल्लीत, एकाच आवाजाने, एका घरात वारी आठवते आणि दुसऱ्या घरात १४ एप्रिल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासात २०१३ मध्ये असेही दिसले की विशीतल्या मुलांना स्वतःच्या जन्माआधीची, आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटतात. घरात जे वाजत राहते ते पुढच्या पिढीतही रुजते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांसोबत नात जे गाणे म्हणू शकते ते बहुधा अशाच वाटेने तिच्याकडे आलेले असते.

आता गाण्याने काय होते आणि काय होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण ‘संगीताने अल्झायमर बरा’ असले संदेश मोबाइलवर फिरत असतात. तो बरा होत नाही. हरवलेली स्मृती परत येत नाही. जगभरातले तीस अभ्यास एकत्र तपासून २०२५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने काढलेला निष्कर्ष सावध आहे: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत संगीतावर आधारित उपचारांनी उदासी बहुधा कमी होते, वागण्यातल्या काही तक्रारींनाही उतार पडू शकतो; बुद्धीच्या कामात मोठा फरक दिसत नाही आणि उपचार थांबल्यावर फायदा किती टिकतो हे नक्की नाही. हे कमी वाटेल. पण ज्या सुनेला रोज संध्याकाळी सासऱ्यांना आंघोळीला तयार करायचे असते, तिच्यासाठी अर्धा तास शांत जाणे म्हणजे खूप असते.

पक्षाघातात गाण्याचा उपयोग वेगळा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचा गेलेला माणूस ‘पाणी’ म्हणू शकत नाही, पण ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणू शकतो. चाल सांभाळण्यात उजवी बाजू मोठा वाटा उचलते. या आधारे १९७३ मध्ये बोलणे सुरांत बसवून शिकवण्याची पद्धत अमेरिकेत मांडली गेली. वाचाउपचारतज्ज्ञ ती वापरतात. घरच्यांनी निदान एवढे करावे, की तो गातोय म्हणून ‘मग बोलत का नाहीस’ असे विचारू नये.

आणि कान. आठवण पोहोचायची ती कानांवाटेच, आणि आपण मिरवणुकीत नेमके तेच मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. १०० डेसिबलला ही मुदत २० मिनिटांवर येते. डीजेच्या भिंतीपुढे तासन्तास नाचणाऱ्या पोरांना हे सांगणारा माणूस अरसिक ठरतो. मात्र २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत कमी ऐकू येण्याला स्मृतिभ्रंशाच्या सर्वात मोठ्या कारणांपैकी एक मानले आहे. जयंती असो की गणपती, ढोलकी-पेटीच्या कार्यक्रमात शब्द ऐकू येतात, डीजेत फक्त छातीत दणका बसतो. पन्नास वर्षांनी आजच्या पोरांना काय आठवेल, याचा विचार मंडळांनी करायला हरकत नाही.

घरात रुग्ण असेल तर खर्च काही नाही. त्यांच्या पंधरा ते तीस वयातली गाणी शोधावीत, नातवांच्या आवडीची नव्हे. आवाज मध्यम, टीव्ही बंद, एका वेळी वीस-तीस मिनिटे. आंघोळ, जेवण, संध्याकाळची अस्वस्थता यांच्या आधी लावावीत. शक्य असेल तर कुणी सोबत बसून म्हणावीत, सूर बरा नसला तरी चालतो. चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. डोळे भरून आले तर ते वाईटच असते असे नाही, पण मूठ आवळली, उठून जाऊ लागले, तर गाणे लगेच थांबवावे. १९७८ मध्ये ज्यांची घरे जळाली त्यांना त्या काळातले प्रत्येक गाणे सुखाचेच वाटेल असे नाही. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

ही यादी विसरणे सुरू होण्याआधी करून ठेवलेली बरी. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर रक्तगटाखाली दहा गाणी लिहून ठेवावीत, जमले तर ती कुठे आणि कुणासोबत ऐकली तेही. विचारायला उशीर झाला असेल तर गावाकडच्या भावाला, बहिणीला किंवा भजनी मंडळातल्या, गायन पार्टीतल्या जुन्या जोडीदाराला फोन लावावा. बहुतेक वेळा त्याला यादी विचारावी लागत नाही, तो फोनवरच म्हणायला लागतो. स्पीकर चालू करून फोन बाबांजवळ ठेवावा.