ओझं वाटून घेताना

मनाली ते लेह हा रस्ता सायकलनं पार करणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईकडची मंडळी बरीच असतात आणि त्यांत कधीकधी सख्खी भावंडंही असतात. रोहतांगवरून गेलं तर हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. वाटेत रोहतांग, बारालाचा, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा पाच खिंडी. पैकी तांगलांग ला ५३०० मीटरहून उंच आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून बरीचशी वाहनं त्यातून जातात, त्यामुळे रोहतांगच्या घाटातली गर्दी पुष्कळ हटली आहे.

भावंडांचा प्रवास म्हटला की ‘सगळं सारखं वाटून घ्या’ ही आईची शिकवण आठवते. चढावर मात्र ती उलटी पडते. कशी, ते पाहू. समजा, भाऊ सत्तर किलोचा, बहीण पन्नास किलोची. दोघांच्या सायकली पंधरा-पंधरा किलोच्या. तंबू, स्वयंपाकाचं सामान, कपडे, हत्यारं मिळून ओझं तीस किलो. भाऊ तासन्‌तास १५० वॅट ताकद लावू शकतो, बहीण १०० वॅट. ओझं निम्मं-निम्मं केलं, तर एक हजार मीटरची चढण चढायला भावाला सुमारे एक तास पन्नास मिनिटं लागतील आणि बहिणीला दोन तास दहा मिनिटं. वाऱ्याचा नि रस्त्याचा विरोध यात धरलेला नाही. म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा फरक. भाऊ वर घामेजलेल्या कपड्यांत कुडकुडत थांबणार आणि बहीण त्याला गाठायच्या धडपडीत दमणार. ती पोचली की तो पुन्हा निघणार, म्हणजे विश्रांती फक्त त्यालाच!

आता भावानं तेवीस किलो घेतले आणि बहिणीनं सात, तर दोघं जवळपास एकाच वेळी, दोन तासांच्या आत वर पोचतात. यात उपकार कुणाचेच नाहीत, हा निव्वळ हिशेब आहे. दहा किलो वजन हजार मीटर वर न्यायला शरीराला साधारण शंभर किलोकॅलरी, म्हणजे एखाद्या पोळीएवढी शक्ती जास्त लागते. पोळी भावानं जास्त खावी, एवढंच. थोरला दमला, आजारी पडला तर वाटणी बदलायची. ती रोज सकाळी नव्यानं करावी हे उत्तम.

सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितकं खाली आणि सारख्या वजनाचं हवं. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर चाकाची रिम तापते. म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, आणि दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवायचं. बर्फ वितळून वाहणारे नाले दुपारनंतर फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत.

खरा धोका ओझ्याचा नाही, उंचीचा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. केलाँग तीन हजारांच्या थोडं वर, तर सरचू जवळजवळ ४३०० मीटरवर. म्हणून मधे दारचा, पात्सेओ, झिंगझिंगबार असे मुक्काम करत जाणं शहाणपणाचं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की वर जाणं थांबवायचं. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर जिवाला धोका आहे असं समजून ताबडतोब खाली उतरायचं, रात्र असली तरी.

एकाच आईबापाची मुलं म्हणून दोघांना उंची सारखी मानवेल असं नाही. व्यायामाची सवय असलेल्यालाही त्रास होतो. उलट तोच वेगानं वर जातो. शिवाय भावंडांमध्ये दुखणं लपवायची खोड असते. धाकट्याला ‘माझ्यामुळे सगळे अडले’ हे नको असतं आणि थोरल्याला धाकट्यांपुढे कमीपणा नको असतो.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघानं पूर्ण केली. आळीपाळीनं सायकल चालवायची, आणि सामान वाहायला मोटार व मदतनीस सोबत. लडाखच्या वाटेवर स्वतःचं ओझं स्वतः वाहणाऱ्यांना ती सोय नसते. तिथं एकमेकांची तब्येत एकमेकांनीच पाहायची.

म्हणून निघण्याआधी घरीच एक गोष्ट ठरवून टाकावी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकानं दुसऱ्याला विचारायचं : डोकं दुखतंय का, झोप लागली का, जेवलास का? आणि कुणीही, अगदी धाकट्यानंसुद्धा, ‘खाली जाऊ या’ म्हटलं, तर वाद न घालता सगळ्यांनी मिळून खाली यायचं. खिंड पुढच्या वर्षीही तिथंच असेल.