यंत्र आणि सुतार

सुताराचे कसब यंत्रास साधेल काय, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पुन्हा निघाला आहे. पण त्याचे अर्धे उत्तर इंग्लंडात पूर्वीच मिळाले. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या लाकडी कप्प्यांसाठी मार्क ब्रुनेल ह्यांनी योजिलेली यंत्रे बसली, आणि १८०८ पर्यंत ११० कारागिरांचे काम १० साधी माणसे करू लागली. कप्प्या हजारो, पण घाट ठरलेला! आपल्याकडील जुन्या वाड्याची कललेली चौकट मात्र दुसरीसारखी नसते. शिवाय पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. रंधा कोठे किती मारावा, हे सुतार हातानेच ताडतो. आज संगणकाच्या आज्ञेतील यंत्रे फळ्या अचूक कापतात; दार चौकटीत बसविणे आम्हांस अजून सुताराचेच काम दिसते. चिंता आहे ती शिकाऊ मुलांची. कापणे यंत्राकडे गेल्यावर त्यांचा हात बसावा तरी कशावर?