काळ्या रानातील जीप

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या मार्गावरील कुंभारीचे शिवार काळ्या मातीचे. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात आणि पावसाच्या चार सरी झाल्या की तीच चाकाला लोण्यासारखी लपेटते. अशा रानवाटा तुडवून सौद्याला जाणाऱ्याच्या लेखी जीप हे हौसेचे वाहन नसते.

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद, म्हणजेच पुढील महिंद्र अँड महिंद्र, या कंपनीने १९४० च्या दशकाअखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली. नंतर आलेल्या सीजे-३बी जीपचे उंच बॉनेट पुष्कळांच्या स्मरणात असेल. काहींना ते बेढब वाटते. पण त्याचे कारण आत दडलेले आहे. २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनात मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकऐवजी वरच्या हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावे लागले.

खरी करामत मात्र गिअरबॉक्समागील ट्रान्सफर केसची. तिची एक दांडी पुढील चाकांना ताकद जोडते, दुसरी ‘हाय’ व ‘लो’ ठरविते. ‘लो’मध्ये पहिला गिअर टाकला असता इंजिनाचे सुमारे ३७ फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक होतो. वेग माणसाच्या चालीचा, जोर मात्र चिखल उपसण्याजोगा.

हाच जोर डांबरी सडकेवर घातक ठरतो. वळणावर पुढील चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवितात, कोरड्या सडकेवर तो ताण दातेरी चाकांवर आणि टायरांवर येतो. म्हणून सडक लागताच पुढची दांडी सोडावी.

याहून मोठा धोका हँडब्रेकचा. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसमधून मागे जाणाऱ्या शाफ्टवर आहे. पंक्चर काढण्यासाठी मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरू शकते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. गिअरमध्ये ठेवल्यानेही एवढ्यावर भागत नाही. जॅक लावण्यापूर्वी जमिनीवरील चाकांच्या पुढे-मागे भक्कम धोंडे लावावेत, आणि पुढची दांडी जोडून गाडी गिअरमध्ये ठेवावी. मुलांना मात्र तोवर बांधावरच थांबवावे.