पथ्याच्या यादीतले दाणे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मधुमेहावर आहार हाच काय तो उपचार होता. त्या काळात बोस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन आपल्या रुग्णांसाठी एक तक्ता वापरत. कुठल्या पदार्थात किती कर्बोदकं, त्यानुसार त्यात गट पाडलेले असत. ब्राझील नट आणि पेकन दहा टक्क्यांच्या गटात, बदाम-पिस्ते पंधराच्या, शेंगदाणे विसाच्या आणि पिठूळ चेस्टनट थेट चाळिसाच्या. भाकरी-भात-बटाट्याला मुकलेल्या रुग्णाला हे दाणे खाता येत होते.

१९२१ साली टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि मधुमेही माणसाच्या ताटात पाव, बटाटा हळूहळू परतला. दाण्यांचं स्थान मात्र घसरलं. १९५० साली अमेरिकेत पदार्थांच्या अदलाबदलीच्या ज्या याद्या आल्या, त्यांत दाणे लोण्याच्या रांगेत, स्निग्ध पदार्थांच्या रकान्यात बसले. पुढे हृदयविकाराच्या भीतीने चरबीवरच संशय आला. ही भीती आपल्याकडेही पोचली. दाण्याचं कूट, शेंगदाण्याची चटणी, भरल्या वांग्यांतला मसाला, कोशिंबीर अशा सगळ्यांत जिथे दाणे पडतात, त्या मराठी घरांत ‘साखर निघाली, आता दाणे बंद’ हे फर्मान चांगलंच जाणवलं.

यादी पुन्हा फिरायला सुरुवात झाली तीही टोरोंटोतच. १९८१ साली डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो याची, पहिली यादी छापली. त्यात साठाहून अधिक पदार्थ होते. ग्लुकोजला १०० धरलं, तर शेंगदाण्यांचा आकडा १५च्याही खाली, यादीच्या तळाशी होता.

मग कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडामधून बातमी आली. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या सुमारे ३१ हजार लोकांचा अभ्यास करणारे गॅरी फ्रेझर यांनी १९९२ साली नोंदवलं, की आठवड्यातून चारहून अधिक वेळा दाणे खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होता. पुढच्याच वर्षी तिथल्याच जोआन साबाते यांनी अक्रोडांच्या आहाराने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे १६ टक्के उतरल्याचं दाखवलं. चरबी सरसकट घातक नसते, ती कुठली आहे हे पाहावं लागतं, हे आता पुराव्यानिशी सांगता येऊ लागलं.

मधुमेहाशी थेट धागा जुळला २००२ साली. अमेरिकेतल्या ८३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यातून पाच वा अधिक वेळा दाणे खाणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका २७ टक्के कमी आढळला. नियमित पीनट बटर खाणाऱ्यांतही तो २१ टक्के कमी होता. पण हा निरीक्षणाचा अभ्यास. दाणे खाणाऱ्या बायका एरवीही प्रकृतीला जपणाऱ्या असू शकतात. आजार जडलेल्यांना दाण्यांचा उपयोग होतो का, हे प्रयोगानेच कळणार होतं.

तो प्रयोगही जेन्किन्स यांनीच केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ११७ मधुमेही होते. काहींना तीन महिने रोज सुमारे ७५ ग्रॅम मिश्र दाणे दिले, काहींना तेवढ्याच उष्मांकांचे मफिन, तर तिसऱ्या गटाला दोन्ही निम्मे निम्मे. पूर्ण दाणे खाणाऱ्यांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ०.२१ने उतरलं. २०१४ साली अशा बारा चाचण्यांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा घट ०.०७ इतकीच निघाली. गोळीची जागा दाणे घेऊ शकत नाहीत, हे यातून स्वच्छ दिसतं.

दाण्यांचं मोठं देणं हृदयाला आहे, आणि मधुमेही माणसाला हृदयाचीच काळजी अधिक. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीतल्या साडेसात हजारांच्या आसपास लोकांपैकी जवळपास निम्मे मधुमेही होते. चाचणीतल्या एका गटाला रोज १५ ग्रॅम अक्रोड आणि साडेसात-साडेसात ग्रॅम बदाम व हेझलनट मिळत. २०१३ साली या गटात हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २८ टक्के कमी दिसलं. काही केंद्रांवर गट पाडण्याची पद्धत सदोष असल्याचं उघड झाल्यावर संशोधकांनी २०१८ साली निबंध मागे घेतला आणि नव्याने मांडणी करून पुन्हा छापला. निष्कर्ष फारसा बदलला नाही. २०१९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी १६ हजारांवर मधुमेहींच्या नोंदी पाहिल्या. आठवड्यातून पाच वेळा दाणे खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३४ टक्के कमी होते.

भारतीय शरीरावरचे प्रयोग उशिरा सुरू झाले. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने ३०० मधुमेहींवर काजूंचा प्रयोग केला. बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू खाऊनही वजन वाढलं नाही. वरचा रक्तदाब उतरला आणि चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. एचबीए१सी मात्र जागचं हललं नाही. मुंबईत सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालयाच्या जगमीत मदान आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या १६ ते २५ वयाच्या २७५ तरुणांना तीन महिन्यांच्या चाचणीत घेतलं. रोज ५६ ग्रॅम बदाम खाणाऱ्यांचं एचबीए१सी आणि वाईट कोलेस्टेरॉल घटलं, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. दिल्लीत डॉ. अनूप मिश्रा यांच्या गटाने तिन्ही जेवणांआधी अर्धा तास २० ग्रॅम बदाम दिले. उंबरठ्यावरचे जवळपास पाव जण तीन महिन्यांत पुन्हा सामान्य पातळीवर आले. यांतल्या बदामांच्या चाचण्यांना कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाचं आर्थिक पाठबळ होतं. आकडे वाचताना तेही ध्यानात घ्यायला हवं.

वजनाची जुनी भीती बरीच ओसरली आहे. बदामाच्या पेशींची भिंत चिवट असल्याने सगळी चरबी शरीरात शोषली जात नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून सुमारे १७० ऐवजी १२९ उष्मांकच मिळाले.

या प्रयोगांतून एक गोष्ट जाणवते. दाणे जिथे मफिनच्या किंवा दुसऱ्या खाण्याच्या जागी आले, तिथे फायदा स्पष्ट दिसला. म्हणून चारच्या चहासोबतची बिस्किटं काढून तिथे मूठभर भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे ठेवणं उपयोगाचं. साबुदाण्याच्या खिचडीत कूट वाढवल्याने साबुदाण्याची साखर नाहीशी होत नाही. सुकामेवा म्हणून सोबत येणारे खजूर, मनुका, अंजीर यांना हे निष्कर्ष लागू नाहीत, कारण त्यांत साखरच जास्त. आणि साखर अचानक उतरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तर दाण्यांच्या वाटीला हात लावू नये. दाण्यांतली चरबी पचन मंदावते. त्या वेळी ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच लगेच द्यावं लागतं.