बालकवींचे ऊन आणि बालकवींचा अंधार

बालकवी म्हटले की तुम्हांला पहिल्यांदा काय आठवते? बहुधा ‘श्रावणमास’, नाहीतर ‘फुलराणी’. शाळेत ताल धरून म्हटलेली, पाठ झालेली. तिथेच आपण थांबतो आणि हा कवी मुलांचा, फुलापाखरांचा, असे ठरवून मोकळे होतो.

त्यांच्या नावातला ‘बाल’ही आपल्याला फसवतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली खानदेशात धरणगावला झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या मुलाने कविता म्हटली, तेव्हा अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून त्याचा गौरव केला. वय लहान, म्हणून बालकवी. मुलांसाठी लिहितो म्हणून नव्हे. पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी त्यांना मायेचे छत्र मिळाले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस.

एकदा मी वर्गात ‘श्रावणमास’ शिकवत होतो. वैनगंगेकाठच्या गावचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, श्रावणात आमच्या इथं ऊन दिसते कुठं जी? रोवणी चालू असते, नाल्याला पूर असते.” वर्ग हसला, पण त्याचे बरोबर होते. खानदेशच्या जवळजवळ दुप्पट पाऊस आपल्या गडचिरोलीकडे पडतो. सरीमागून ऊन, उन्हामागून सर, हा त्या मुलखातला श्रावण. म्हणजे बालकवींनी पुस्तकातला पावसाळा लिहिला नाही, डोळ्यांनी पाहिलेला लिहिला. हे मुलांना सांगा, आणि मग त्यांचा श्रावण त्यांनाच सांगू द्या. कविता दूरच्या कुठल्या तरी सुंदर देशात असते, आपल्या बांधीत नसते, हा समज रानातल्या मुलांच्या मनात आपणच घालतो.

‘फुलराणी’त एक कळी लाजते आणि पहाटे सूर्यकिरणाशी तिचे लग्न लागते. ‘निर्झरास’ या कवितेत कवी झऱ्याशीच बोलतो. इथे निसर्ग देखावा म्हणून येत नाही, सोयरा म्हणून येतो. केशवसुतांनी मराठी कवितेला नवे वळण दिले, ‘तुतारी’ फुंकली, समाजाशी भांडण मांडले. बालकवी त्या वाटेने फार गेले नाहीत. त्यांचा आवाका लहान, हे कबूल करायला हवे. पण विहीर रुंद नसली तरी खोल असू शकते.

ती खोली पाहायची तर ‘पारवा’ वाचा. पडक्या धर्मशाळेत एकटा पारवा घुमतो आहे, बाकी कोणी नाही. ‘खेड्यातील रात्र’ वाचा. उजाड माळ, ढासळलेला बुरूज, ओसाड देऊळ, आणि वडाच्या पाराभोवती दाटलेला काळोख. जंगलातल्या गावी रात्र काढलेल्याला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. आणि ‘उदासीनता’ असे उघड नाव असलेली कविताही याच कवीची. आनंदाने उड्या मारणारा आणि कारण न कळता खचणारा, माणूस एकच.

हे दोघे एकत्र भेटतात ते ‘औदुंबरा’त. अवघ्या आठ ओळी. आधी हिरवळ, निळसर झरा, चिमुकले गाव, शेतमळे. मग त्यातून जाणारी पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे येते. तिथे पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. म्हणजे आपला उंबर, नाल्याच्या काठी उभा असतो तोच. तो शांत बसला आहे, की जगावरून मन उडाले म्हणून बसला आहे, यावर टीकाकारांनी पुष्कळ वाद घातला. मला स्वतःला तो उदास वाटतो. पण वर्गात मी हे आधी सांगत नाही. आठ ओळी दोनदा संथ म्हणतो, आणि मुलांना एवढेच विचारतो : तुमच्या नाल्यावरचा उंबर कसा बसलेला दिसतो?