सुदुंबऱ्याहून निघणारी नाकं

मावळातलं सुदुंबरे म्हटलं की आपल्याला आठवतात संताजी जगनाडे महाराज. तुकोबांच्या या टाळकऱ्याची समाधी याच गावात आहे. पण पावसाळ्यात कुठे दरड कोसळली, इमारत पडली, की सुदुंबऱ्याचं नाव वेगळ्याच कारणाने कानावर येतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे 'एनडीआरएफ'ची, पाचवी बटालियन इथे आहे. इथून जवान निघतात आणि त्यांच्याबरोबर निघतात त्यांची कुत्री.

आता एवढी यंत्रं असताना कुत्रं कशाला, असं वाटेल. उत्तर त्याच्या नाकात आहे.

शेजारी फोडणी पडली की आपल्याला घरबसल्या कळतं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी! शिवाय हुंगताना ते आतली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरांमधून सोडतं, त्यामुळे आत येणारा नवा वास पुसला जात नाही. असं ते सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं.

गाडला गेलेला माणूस हाक मारू शकला नाही, तरी त्याचा श्वास, घाम, त्वचेचे बारीक कण यांचा वास फटींतून वर येत राहतो. तो सगळ्यात दाट जिथे लागेल तिथे कुत्रं थांबतं आणि भुंकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आपल्या देशातून गेलेल्या पथकातली ज्युली नावाची लॅब्रॅडोर अशीच भुंकली. खात्रीसाठी रोमिओला पाठवलं, तोही तिथेच भुंकला. ढिगाऱ्याखालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

कुत्र्याला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्यासाठी तो लपंडाव असतो. माणूस सापडला की शाबासकी आणि चेंडू! म्हणूनच खूप शोधूनही कुणी जिवंत सापडलं नाही की ते हिरमुसतं. अशा वेळी पथकातलाच कुणी मुद्दाम लपून बसतो आणि त्याला 'सापडतो', तेव्हा कुठे त्याला पुन्हा हुरूप येतो. कामही थोडा थोडा वेळच देतात, कारण धाप लागली की हुंगणं कमी होतं.

पण मैत्रिणींनो, या नाकालाही मर्यादा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जायला रस्ता नाही, जेसीबी चढेना. जवान आणि श्वानपथक डोंगर चढून गेले. चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. पडलेल्या इमारतीत फटी असतात, हवा खेळते. ओला चिखल मात्र घट्ट बसतो, वास वर येऊच देत नाही.

म्हणून दरड पडल्यानंतरच्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे ती आधीची सावधगिरी. आणि इथे आपण बायका पुढे हव्यात. सरपणाला, पाण्याला डोंगरावर जाते कोण? जमिनीला नवी भेग पडलीय, झाडं-खांब कलायला लागलेत, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय, दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्यात, हे आपल्याला आधी दिसतं. दिसलं की गप्प बसू नका. ग्रामपंचायतीत, तलाठ्याला सांगा, बचत गटाच्या बैठकीत बोला. जोराच्या पावसात रात्र काढायला खालच्या शाळेत, नातेवाइकांकडे जा. आणि कुठे दुर्घटना घडलीच तर बघ्यांची गर्दी करू नका. शोधणाऱ्या कुत्र्याला आणि जवानांना मोकळी जागा आणि शांतता लागते.

सुदुंबऱ्याच्या कुत्र्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण आपल्या वाडीवर त्यांना शोधायला यावंच लागू नये, एवढं पाहणं आपल्या हाती आहे.