पाण्याचा काठ कुणाच्या खात्यात?

पक्षी मोजायचे तर सकाळी ऊन पाठीशी घ्यावं लागतं. म्हणून जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसाठी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर जलाशयाच्या पूर्वेकडच्या काठावर आम्ही उजाडायच्या आत पोचलो होतो. तिपाईवर दुर्बीण, पुठ्ठ्याला लावलेला तक्ता, सोबतीला एक तरुण वनरक्षक.

मोठे पक्षी आधी उरकायचे. चक्रवाक, चित्रबलाक, पट्टकादंब एकेक करून मोजता येतात. बदकांच्या थव्यात दहा मोजायचे, त्या दहांनी पाण्यावर किती जागा घेतली ते डोळ्यांत पक्कं करायचं आणि त्या मापाने थवा मोजत जायचं. वारकरी बुड्या मारतात, म्हणून ते दोनदा. सगळ्यांत कठीण तुताऱ्या. रंग गाळाचाच, आणि पाय एका जागी ठरत नाहीत. तेवढ्यात दलदली भोवत्या वरून गेला, सगळा थवा उठला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तासभर पाहिलं की या गर्दीतली शिस्त कळते. लांब पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात, तुतारी ओल्या गाळावर, टिटवी त्याच्याही मागे कोरड्यात. पाणी बोटभर चढलं तरी ही मांडणी मागे सरकते. वनरक्षक म्हणाला, "सर, पाणी खाली गेलं की पाखरं येतात, अन् त्यांच्या मागं नांगर येतोय." त्याचा रोख गाळपेरीकडे होता. धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडणारी ही जमीन पेरणीसाठी भाडेपट्ट्याने दिली जाते. पेरणाऱ्याचं त्यावर पोट आहे, आणि पट्टकादंब रात्री कोवळ्या पिकावर उतरतात तेव्हा नुकसानही त्याचंच होतं.

सिद्धेश्वरचं पाणी चढतं-उतरतं ते वरच्या येलदरीमुळे. पूर्णा नदीवरची ही दोन्ही धरणं 1960 च्या दशकातली. येलदरीचा जिवंत साठा सुमारे 810 दलघमी (दशलक्ष घनमीटर), सिद्धेश्वरचा सुमारे 81. येलदरीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी इथे येतं आणि इथून कालव्याने वसमत-परभणीकडे जातं. सिद्धेश्वरचा मृत साठा जिवंत साठ्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणूनच जिवंत साठा संपला तरी इथे पाणी उरतं. पण येलदरीतून पाणी सुटलं की काल उघडा असलेला गाळ आज बुडालेला असतो. 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि येलदरी परभणीत राहिली. वरचं धरण एका जिल्ह्यात, खालचं दुसऱ्या.

पक्ष्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे तो वन विभागाचा. त्याच्या पायाखालचं पाणी आणि गाळ जलसंपदा विभागाचा. पाणथळ जागांसाठीचे 2017 चे नियम सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना लागूच होत नाहीत. मला हे मोठं वैगुण्य वाटतं. मराठवाड्यात हिवाळी पाहुणे उतरतात ते बहुतेक धरणांवर आणि तलावांवरच; नैसर्गिक सरोवरं इथे आहेत किती? नाशिककडचा नांदूर मध्यमेश्वर हासुद्धा सिंचनाचाच बंधारा. तो 1986 मध्ये अभयारण्य झाला, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला आणि त्याचे कालवेही चालू राहिले.

सिद्धेश्वरला लगेच अभयारण्य करा, असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला उठवून राखलेला पक्षी फार दिवस राखला जात नाही. पण 15 ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीच्या पाणीपाळ्या ठरवते, त्या बैठकीत आमचा तक्ता का असू नये? कोणत्या पातळीला कोणत्या काठावर किती पक्षी होते, एवढी नोंद अभियंत्यांपुढे ठेवली तरी पुष्कळ होईल. दोन पाणीपाळ्यांमध्ये येलदरीतून पाणी एकदम न सोडता हळूहळू सोडता येतं का, हे तेच सांगू शकतात. आणि गाळपेरीचे पट्टे वाटताना पक्ष्यांची सर्वाधिक गर्दी असलेला एक तुकडा शेवटी द्यावा, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथे नांगर जाणार नाही. वनरक्षकाने तो तुकडा नकाशावर पेन्सिलीने आखून घेतला आहे. आता तो नकाशा जलसंपदाच्या टेबलावर पोचवायचा आहे.